बेनकर मॅडम आणि झाकलेली यंत्रं

आमच्या कॉलेजात पहिल्या मजल्यावर एक काचेची खोली होती. दाराला वरपासून खालपर्यंत काच, आत एक लांब टेबल आणि टेबलावर निळ्या प्लॅस्टिकच्या आवरणाखाली झाकलेलं एक यंत्र. रंगीत द्रावणातून किती प्रकाश आरपार जातो आणि किती आत अडतो, हे मोजायचं यंत्र. स्पेक्ट्रोफोटोमीटर. सरकारी अनुदानातून आलेलं. खोलीत एसी बसवला होता, पण विजेच्या बिलाच्या धास्तीनं तो बंदच असे. किल्ली भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख जोगळेकर सर यांच्या खिशात. तपासणी समिती आली की सर स्वतः कुलूप काढत, आवरण उचलत, समिती मान डोलवी, आणि समितीचा चहा होईपर्यंत आवरण पुन्हा जागेवर गेलेलं असे.

मी रसायनशास्त्र शिकवायचो. आमच्या विभागालाही ते यंत्र उपयोगी पडलं असतं. पण देवघरातल्या चांदीच्या भांड्यात कुणी आमटी करत नाही, तसं त्या यंत्राचं होतं. ते मागायचं असतं, हेच कुणाच्या डोक्यात येत नव्हतं.

बेनकर मॅडम भौतिकशास्त्र विभागात रुजू झाल्या त्या दिवशी जोगळेकर सर त्यांना कॉलेज दाखवत होते. मीही बरोबर होतो. काचेच्या खोलीपाशी येऊन सर थांबले.

"हे आमचं वैभव," ते म्हणाले.

मॅडमनी काचेला जवळजवळ नाक लावून आत पाहिलं. "चालतं का?"

"चालतं का म्हणजे? नवीन आहे."

"नवीन आहे ते दिसतंय सर. चालतं का?"

जोगळेकर सरांनी घड्याळ पाहिलं आणि त्यांना ग्रंथालय दाखवायला नेलं.

ही माझी आणि शैला बेनकर यांची पहिली ओळख. पुढं आम्ही निवृत्त होईपर्यंत एकाच स्टाफरूममध्ये बसलो.

मॅडम धायरीच्या. म्हणजे धायरीच्या सूनबाई. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा धायरी गाव होतं, घरासमोर ज्वारी उभी असायची. पुढं ज्वारीच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, दीर बांधकामात शिरले, घरात दोन मोठ्या गाड्या आल्या. मॅडम मात्र शेवटपर्यंत स्कूटरवर. सिंहगड रस्त्यावरच्या गर्दीतून त्या कॉलेजात पोचायच्या तेव्हा पदराला धूळ आणि चेहऱ्यावर कुणाशी तरी नुकतंच भांडून जिंकल्याचं समाधान असायचं. डब्यात भाकरी आणि ठेचा. पर्समध्ये रुमाल, चष्म्याचं घर, आणि बारीक दांड्यांचे तीन-चार स्क्रू ड्रायव्हर.

वर्गात त्यांची भाषा अगदी पुस्तकी शुद्ध. पण एखादा मुलगा आसपासच्या गावांतला निघाला की त्याच्याशी बोलताना "हाय" आणि "नाय" सुरू व्हायचं. त्यांचा राग ओळखायची खूण वेगळीच होती. एरवी मुलांना अरे-तुरे करणाऱ्या मॅडम एकदम आदरानं बोलायला लागल्या की समजावं, काहीतरी बिनसलंय. "आपण जरा बाहेर थांबता का?" असं त्यांनी म्हटलं की तो मुलगा पांढरा पडायचा.

जोगळेकर सरांकडची किल्ली त्यांनी भांडून मिळवली नाही. रोज सकाळी स्टाफरूममध्ये आल्या की त्या विचारायच्या, "सर, आज किल्ली?" शेजारणीकडं विरजण मागावं तशा सुरात. सर रोज काहीतरी कारण सांगायचे. मॅडम "बरं" म्हणून तासाला जायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "सर, आज किल्ली?" दिवाळीनंतर कधीतरी सरांनी कंटाळून किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "काही झालं तर जबाबदारी तुमची."

"झालं तर बरंच आहे," मॅडम म्हणाल्या. "काहीच न झाल्याला फार दिवस झालेत."

यंत्राला प्रथम हात लागला तो पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांचा. एम.एस्सी.च्या नव्हे, बी.एस्सी.च्या. यावरही कुरकुर झाली. एवढं महागाचं यंत्र एवढ्या लहान मुलांच्या हाती कशाला, असं दोघातिघांनी बोलून दाखवलं. तेव्हा जेवायच्या सुट्टीत भाकरीचा तुकडा मोडता मोडता मॅडम मला म्हणाल्या, "दाते सर, माझी बी.एस्सी.ची तीन वर्षं यंत्रं काचेतून बघण्यात गेली. एम.एस्सी.ला गेले तेव्हा मुंबईची मुलं खटाखट बटणं दाबत होती आणि मी नुसती उभी. मला सिद्धांत सगळा पाठ होता. बटण कुठलं, ते ठाऊक नव्हतं. ती लाज मी दोन वर्षं गिळली. ह्यांना कशाला गिळायला लावू?"

आठवडाभरातच यंत्र बंद पडलं.

जोगळेकर सरांनी कंपनीच्या इंजिनीअरला बोलावलं. कंपनीच्या इंजिनीअरला बोलावलं. त्यानं आतला भाग अख्खा बदलावा लागेल असं सांगितलं आणि जो खर्च सांगितला, त्यात जवळजवळ दुसरं यंत्र आलं असतं. प्राचार्यांनी कागदावर लाल शाईनं रेघ ओढली आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तीन विद्यार्थी बरोबर घेतले, खोलीचं दार आतून लावलं आणि यंत्राची झाकणं उघडली. मी काचेतून पाहत होतो. एक एक स्क्रू काढून पांढऱ्या कागदावर ओळीनं ठेवला जात होता. त्या तिघांत ओंकार म्हणून एक मुलगा होता. तोही धायरीचाच, बापाची जमीन बिल्डरकडं गेलेली आणि नंतर बाप स्वतःच बिल्डर झालेला. ओंकार कॉलेजात यायचा तो बुलेटवरून, आणि मागच्या बाकावर बसायचा तो वेळ जावा म्हणून. मॅडमनी त्याला का निवडलं, ते आम्हाला तेव्हा कळलं नव्हतं. नंतर त्यांनी सांगितलं, "तासाला तो बाकाखाली मोबाईल घेऊन बसला होता. मी जप्त करायला गेले तर मोबाईल उघडलेला. आतला स्पीकर बदलत होता."

आत दोन गोष्टी सापडल्या. दिवा गेला होता, नवा बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत सहज मिळाला. आणि आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली होती. बंद खोलीत, बंद एसीत, आवरणाखाली काढलेल्या पावसाळ्यांची ती बुरशी. भिंग काळजीपूर्वक पुसून यंत्र पुन्हा जोडलं, तेव्हा आकडे पहिल्यापेक्षाही स्थिर येऊ लागले.

मॅडम जोगळेकर सरांकडं गेल्या. "सर, मुलांनी नाही बिघडवलं. बुरशीनं बिघडवलं. आणि बुरशीला कुलूप दिसत नाही."

सरांनी तो काढून ठेवलेला जुना दिवा हातात घेऊन पाहिला. मग म्हणाले, "किल्ली आता तुमच्याकडंच राहू द्या. मला ती खिशात टोचते."

त्या दिवसापासून त्या खोलीला कुलूप राहिलं नाही. पण मोकळं दार म्हणजे मोकळा कारभार असं कुणी समजू नये. आत मॅडमचे नियम कडक होते. पहिला, आकडा घेण्याआधी अंदाज सांगायचा. "किती येईल?" असं त्या विचारायच्या आणि उत्तर मिळेपर्यंत हात बटणाकडं जाऊ द्यायच्या नाहीत. हा प्रश्न खोलीपुरता राहिला नाही. जिन्यात, गेटवर, कँटीनच्या रांगेत, कुठंही विद्यार्थी सापडला की, "काय रे, त्या गच्चीवरच्या टाकीत किती पाणी मावत असेल?" मुलं त्यांना पाहून रस्ता बदलायची. काही दिवसांनी तीच मुलं कँटीनमध्ये एकमेकांना विचारताना दिसायची, की खडकवासल्यातून सोडलेलं पाणी कालव्यानं आपल्यापर्यंत यायला किती वेळ लागत असेल.

दुसरा नियम, खोडरबर बंद. पेननं लिहायचं, चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारायची, आणि तो आकडा खाली वाचता आला पाहिजे. "चूक पुसलीस तर ती कुठं झाली ते कसं शोधशील?" एरवी इतक्या शांत असणाऱ्या मॅडम एका मुलीच्या कंपासपेटीत खोडरबर दिसल्यावर म्हणाल्या होत्या, "आपण चित्रकलेच्या तासाला आलात का?"

गौरी इंगळे ही ह्याच खोलीत घडली. वडील वाशीमहून पुण्याला आलेले, एका कारखान्यात कामाला, राहायला वारज्याला. मुलगी हुशार पण आवाज इतका बारीक, की हजेरीला तिचं "येस मॅडम" पहिल्या बाकापर्यंत पोचत नसे. तिसऱ्या वर्षाला प्रत्येकानं एक प्रश्न निवडून त्याच्यावर काम करायचं, अशी मॅडमची पद्धत होती. प्रश्न पुस्तकातला चालायचा नाही. गौरीनं हळद घेतली. तिचे मामा वाशीमकडं हळद लावतात. मामाची घरची हळद आणि दुकानातल्या पुड्यांमधली हळद, ह्यांत खरा रंग कशात जास्त, ते मोजायचं. हळद स्पिरिटमध्ये विरघळवायची, द्रावण यंत्रात ठेवायचं, निळा प्रकाश जितका जास्त अडेल तितका रंग जास्त.

मामाची हळद पहिली येणार, ह्याबद्दल तिला शंका नव्हती. अंदाज म्हणून तिनं तसंच लिहिलं. दिवाळीच्या सुट्टीआधी द्रावणं करून ठेवली, सुट्टीनंतर मोजली. मामाची हळद शेवटची आली.

तिनं पुन्हा मोजलं. पुन्हा शेवटची. बरोबरच्या मुली म्हणाल्या, एवढं एक सोडून दे, बाकीचे आकडे छान आहेत. गौरी मॅडमकडं गेली. मी तिथंच काही परीक्षानळ्या मागायला गेलो होतो.

"मॅडम, हा एक नमुना वगळला तर चालेल का?"

"का?"

"चुकीचा वाटतोय."

"चुकीचा वाटतोय की आवडत नाहीये?"

गौरी तिच्या त्या बारीक आवाजात म्हणाली, "मामांना काय सांगू?"

"मामांना वाईट वाटेल म्हणून प्रकाश काही वेगळा वागणार नाही," मॅडम म्हणाल्या. "पण तुझी शंका मला पटते. मामांची हळद एवढी फिकी नसावी. मग हा आकडा का आला? शोध. मला नको विचारू, मला माहीत नाही."

मॅडमना खरंच माहीत नव्हतं. विद्यार्थ्यासमोर "मला माहीत नाही" असं इतक्या सहज म्हणणारी माणसं माझ्या नोकरीत मला फार भेटली नाहीत.

गौरीनं मामांकडून पुन्हा हळद मागवली. ताजं द्रावण केलं आणि लगेच मोजलं, तर मामा पहिले. तेच द्रावण काही दिवसांनी मोजलं, तर घसरलेले. मग एका दुपारी ती खोलीत एकटीच उभी राहून बाटल्यांकडं पाहत होती. बाकीच्या बाटल्या कपाटात होत्या. मामांची बाटली कपाटात मावली नव्हती म्हणून खिडकीत ठेवलेली, आणि तिच्यावर ऊन आलं होतं.

तिनं एकाच द्रावणाच्या दोन बाटल्या केल्या. एक उन्हात, एक कपाटात. उन्हातली फिकी पडत गेली, कपाटातली तशीच राहिली. ऊन हळदीचा रंग खात होतं. ही गोष्ट जगाला आधीपासून ठाऊक होती, ग्रंथालयात शोधल्यावर तसे लेखही सापडले. पण गौरीला ती कुणी सांगितली नव्हती, तिनं ती स्वतः पकडली होती. त्या दिवशी तिचा आवाज मी पहिल्यांदा जिन्यापर्यंत ऐकला. "मॅडम, ऊन आहे, ऊन."

मॅडम धावत आल्या. दोन्ही बाटल्या हातात धरून त्यांनी उजेडात पाहिल्या. "बरं हाय," म्हणाल्या. त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी शाबासकी मी कधी ऐकली नाही.

पुढं उन्हाळी सुट्टीत एका मोठ्या संशोधन संस्थेत काम करण्यासाठी गौरीनं अर्ज केला. मुलाखतीत समोर बसलेल्या वैज्ञानिकांनी तिच्या आलेखावरच्या एका बिंदूवर बोट ठेवून विचारलं, हा चुकलेला दिसतोय. गौरी म्हणाली, "मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून तीनदा वेगळ्या द्रावणावर मोजलं. तरी येतोच आहे. का येतो ते अजून माहीत नाही. मला इथं येऊन तेच बघायचंय." हे सगळं तिनं परत आल्यावर स्टाफरूममध्ये उभं राहून आम्हाला सांगितलं. तिची निवड झाली. त्या उन्हाळ्यानंतर गौरीनं मागं वळून पाहिलं नाही. एम.एस्सी., पीएच.डी., मग परदेशात काही वर्षं, आणि प्रकाशामुळं रंग कसे तुटतात हाच तिचा विषय.

सगळेच असे झाले नाहीत, हेही सांगायला हवं. सौरभ म्हणून एक मुलगा होता. वर्षभर मॅडमच्या हाताखाली राबला आणि शेवटी येऊन म्हणाला, मॅडम, मला हे नाही आवडत, मी बँकेच्या परीक्षा देतो. आम्हाला वाटलं मॅडम दुखावतील. त्यांनी त्याच्यासाठी चहा मागवला. "विसाव्या वर्षी कळलं ना, हे नको म्हणून? पस्तिसाव्या वर्षी कळलं असतं तर घरच्यांनी तुझं काय केलं असतं?" सौरभच्या लग्नाला त्या आवर्जून गेल्या.

ओंकारचं मात्र वेगळंच चाललं होतं. आमच्या यंत्राची बातमी शेजारच्या कॉलेजात गेली. तिथंही एक यंत्र आवरणाखाली होतं. मॅडम ओंकारला घेऊन गेल्या. तेही चालू झालं. मग तिसऱ्या कॉलेजातून बोलावणं आलं. परत येताना स्कूटरच्या मागं बसलेला ओंकार म्हणाला, "मॅडम, हा धंदा हाय. प्रत्येक कॉलेजात एक यंत्र झोपलेलं हाय."

"असेल," मॅडम म्हणाल्या. "मग पुढच्या कॉलेजात तू एकटा जा."

त्याला वाटलं होतं, मॅडम फोन करतील, ओळखी देतील. मॅडमनी साफ नकार दिला. "माझ्या ओळखीनं मिळालं ते काम नव्हे, ते लग्नाचं आमंत्रण. लोक एकदाच बोलावतात." त्यांनी त्याला बिल कसं करायचं ते शिकायला वाणिज्य विभागात पाठवलं, पत्र कसं लिहायचं ते मराठीच्या सरांकडं पाठवलं, आणि एका संध्याकाळी माझ्यासमोर उभं करून म्हणाल्या, "हे विभागप्रमुख आहेत असं समज. ह्यांना पटव." मी जमेल तितका तुसडेपणा केला. ओंकारला घाम फुटला. तिसऱ्या खेपेला मला खरोखर त्याला काम द्यावंसं वाटलं.

ओंकारच्या वडिलांना हे पसंत नव्हतं. ते एकदा कॉलेजात आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, हातात गाडीची किल्ली. मॅडम गावच्या नात्यानं त्यांच्या वहिनी लागत.

"वहिनी, तुम्हीच बघा आता. आमची नवी सोसायटी उभी राहतीय. साईटवर बसायचं सोडून पोरगं स्क्रू ड्रायव्हर घेऊन गावोगाव हिंडतंय. लोक काय म्हणत्याल?"

"भावजी, बसा," मॅडम म्हणाल्या. "साईटवर बसायला माणूस मिळंल तुम्हाला. ह्यो जे करतोय ते करणारा पुण्यात किती जणांना मिळतोय?"

"पर ह्यात काय हाय?"

"ते त्यालाच अजून नीट माहीत नाय. एक वर्ष द्या."

ते वर्ष पुरं होण्याआधीच ओंकारच्या हातून यंत्र जळलं.

सातारा रस्त्यानं पुढं गेल्यावर तालुक्याच्या एका गावात मुलींचं कॉलेज आहे. तिथल्या मुलींची प्रात्यक्षिक परीक्षा दोन दिवसांवर आली होती आणि त्यांचं यंत्र बंद होतं. ओंकार गेला. घाईत आत वायर चुकीच्या जागी जोडली गेली, बटण दाबलं आणि आतलं सर्किट जळालं. धूर निघाला. तिथल्या प्राचार्य बाईंनी आमच्या प्राचार्यांना फोन केला, आणि फोनवर त्या काय बोलल्या असतील ते प्राचार्यांच्या चेहऱ्यावर आम्हाला वाचता येत होतं. कॉलेजचं नाव, परीक्षा, मुलींचं वर्ष. हे उद्योग उद्यापासून बंद, असं ते म्हणाले.

ओंकार थेट मॅडमकडं आला होता. डोळे लाल झालेले. त्याला वाटलं, आता मॅडम म्हणणार, आपण जरा बाहेर थांबा. मॅडमनी खुर्ची पुढं ओढली.

"जळालं ते कळलं. आता सांग, परवापर्यंत दुरुस्त होईल?"

"नाही. बोर्ड मागवावा लागेल."

"मग परवा त्या मुलींची परीक्षा कशी होणार?"

ओंकार हळूच म्हणाला, "आपलं यंत्र नेलं तर?"

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटतं, त्या ह्याच उत्तराची वाट पाहत होत्या, पण ते त्याच्या तोंडून यायला हवं होतं.

कॉलेजचं यंत्र बाहेर न्यायचं तर विभागप्रमुखांची सही लागते. प्राचार्य म्हणाले, मी ह्यात पडणार नाही, जोगळेकर काय म्हणतील ते. मॅडम आणि ओंकार दोघं जोगळेकर सरांसमोर उभे राहिले. मीही मागं जाऊन उभा राहिलो. ज्या माणसानं ते यंत्र इतकी वर्षं खिशातल्या किल्लीनं जपलं, त्याच्याकडं आम्ही ते खड्ड्यांच्या रस्त्यानं तालुक्याच्या गावी न्यायची परवानगी मागत होतो.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"वाटेत बिघडलं तर?" त्यांनी विचारलं.

"दुरुस्त करीन सर," ओंकार म्हणाला.

"तेच म्हणतोय मी. दुरुस्त करणारा बरोबरच आहे, मग मला कशाला विचारता?" आणि त्यांनी सही केली.

यंत्र न्यायला गाडी ओंकारच्या वडिलांची आली. मुलानं फोन केला तेव्हा त्यांनी काय विचारलं, काय बोलणं झालं, ते कुणाला माहीत नाही. पण ते ड्रायव्हर न पाठवता स्वतः आले. मागच्या सीटवर गाद्या टाकल्या, त्यावर यंत्र ठेवलं, त्याला पट्टा बांधला, आणि शेजारी ओंकार त्याला दोन्ही हातांनी धरून बसला. मॅडम पुढं बसल्या. वडील इतक्या हळू गाडी चालवत होते, की मागून सगळे हॉर्न वाजवत होते, असं मॅडम नंतर सांगायच्या. "लेकीला पहिल्या बाळंतपणाला घरी आणताना पण त्यांनी एवढी जपून चालवली नसंल."

परीक्षा झाली. एकाही मुलीची राहिली नाही. ओंकारचे वडील परीक्षेचे दोन्ही दिवस तिथंच थांबले. आपला मुलगा एका खोलीत उभा आहे, मुली एकेक करून येतायत, आकडा नीट येत नाही म्हणून कुणी घाबरली की तो दोन मिनिटांत यंत्र ठीक करून देतोय आणि परीक्षक त्याला "सर" म्हणतायत, हे त्यांनी दारात उभं राहून पाहिलं. परतताना गाडीत ते म्हणाले, "वहिनी, नव्या सोसायटीत खालचा एक गाळा रिकामा ठेवलाय मी. त्याला चालंल का?"

जळालेला बोर्ड आल्यावर ओंकारनं ते यंत्र स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करून दिलं. त्याच कॉलेजानं त्याला पहिलं वर्षभराचं काम दिलं. आज तो गाळा अपुरा पडतो म्हणून त्यानं शेजारचे दोन घेतलेत. तिथं बी.एस्सी. झालेली मुलं-मुली कामाला आहेत. दुरुस्तीबरोबर ते आता स्वतःची छोटी, स्वस्त यंत्रंही बनवतात, लहान गावांतल्या कॉलेजांना परवडतील अशी. त्याचे वडील ओळख करून देताना सांगतात, "आमचा मुलगा डॉक्टर हाय. यंत्रांचा." आणि ऐकणारा हसला की तेही हसतात, पण वाक्य बदलत नाहीत.

मॅडमच्या निवृत्तीच्या समारंभात प्राचार्यांनी त्यांना "उद्योजकता आणि संशोधनाच्या प्रणेत्या" म्हटलं. मॅडम माझ्या कानाशी म्हणाल्या, "हे कुणाबद्दल बोलतायत?" भाषणाला उभ्या राहिल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, की खोलीतला एसी दुरुस्तीला आलाय, पावसाळ्याआधी बघा. टाळ्या थांबेचनात. मागच्या रांगेत जोगळेकर सर बसले होते, काठी घेऊन, वयानं वाकलेले. तेही टाळ्या वाजवत होते.

गेल्या हिवाळ्यात मॅडमचा फोन आला. "दाते सर, स्टेशनवर सोडायला येता का? सामान आहे."

गौरी आता दक्षिणेतल्या एका संशोधन संस्थेत प्राध्यापक झाली आहे. तिथं पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी नवीन प्रयोगशाळा उभी राहत होती आणि ती कशी चालवायची हे शिकवायला तिनं मॅडमना तीन महिन्यांसाठी बोलावलं होतं. सन्माननीय पाहुण्या म्हणून. प्रयोगशाळेतली यंत्रं ओंकारच्या कारखान्यातली. तो संध्याकाळी धायरीतून मॅडमना घेऊन स्टेशनवर आला होता, आणि शेवटच्या क्षणी तपासलेलं एक यंत्र त्यानं कापडात गुंडाळून त्यांच्या बरोबर दिलं होतं. वडीलही आले होते. ते डब्यात चढून सामान नीट लागलंय का ते पाहत होते आणि हमालाला सूचना देत होते.

मॅडमनी खिडकीजवळची जागा घेतली. नवी साडी नेसलेल्या, केस पूर्ण पांढरे. मी फलाटावर खिडकीपाशी उभा होतो. ओंकार म्हणाला, "मॅडम, पोचल्यावर फोन करा." त्या "हो हो" म्हणाल्या.

समोरच्या जागेवर एक मुलगी येऊन बसली. पाठीवरची सॅक, मांडीवर कॉलेजची फाइल, कानात हेडफोन. मॅडमनी तिच्या फाइलकडं पाहिलं, मग तिच्याकडं. मुलीनं एका कानातला हेडफोन काढला. मॅडम काहीतरी विचारत होत्या. मुलीनं मान हलवली, हसली, दुसराही हेडफोन काढला आणि फाइल उघडली.

ओंकारचे वडील खाली उतरले आणि गाडी हलली. आम्ही तिघांनी हात वर केले. मॅडम पुढं वाकून त्या मुलीच्या फाइलमधल्या कुठल्याशा आलेखावर बोट ठेवून बोलत होत्या. आमच्याकडं त्यांचं लक्षच गेलं नाही.